तेरवीच्या दिवशीचा स्टॅम्पपेपर

बाबांच्या तेरवीला पंगत उठायची होती, तेवढ्यात एका नातेवाइकानं मायपुढे स्टॅम्पपेपर ठेवला. हक्कसोड, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. "सही करून दे, बाकीचं पाहू मंग." मायनं पेन हातात घेतलाही होता. मी कागदच उचलून घेतला.

जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही. पण घरी एकदा सही दिली, की बाईमाणसाला पुढं कोणी बोलू देत नाही. म्हणून तेरा दिवसांच्या सुतकात कुणी कशावरच सही करू नये.

आमचं वावर दारव्हा तालुक्यात, ९ एकर. पऱ्हाटी अन् तूर. सातबारा काढला तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. बाबा अन् काका आपापला तुकडा वाहत राहिले, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावाचा बदल, कोणी केलाच नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १४९ जमिनीवर हक्क आला की तीन महिन्यांत कळवायला सांगतं. आता दोन पिढ्यांची वारस नोंद एकदम. पटवाऱ्याकडे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र. मग नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही. तोवर मायला सोसायटीचं पीककर्ज नाही. बियाणं उधारीवर आणलं.

वावर आजोबांनी स्वतः विकत घेतलेलं. मृत्यूपत्र नव्हतं, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली सगळे सारखे. आजीही नंतर गेली, तिचा वाटा बाबा, काका अन् आत्या या तिन्ही लेकरांत आला. म्हणजे आत्याचे ३ एकर. "तिला लग्नात दिलं ना," असं घरात ऐकू आलंच. लग्नात दिलेलं वाट्यातून वजा होत नाही, आणि होऊही नये. त्याच वावरात ती लग्नाआधी दहा वर्षं निंदण करत होती. बाबांच्या ३ एकरांत माय, भाऊ अन् मी, एकेक एकर.

बँकेत वेगळीच गत. बाबांच्या खात्यावर नॉमिनी आजी! ती नाही म्हणून वारसांचे कागद पुन्हा तिथंही. नॉमिनी असता तरी तो फक्त पैसे उचलतो, मालकी वारसांचीच.

परवा मायला मृत्यूपत्राचं सांगत होते: साधा कागद चालतो, साक्षीदार मात्र दोन लागतात. तिनं ऐकून घेतलं अन् पेटीतून आपलं पासबुक काढलं.

"उद्या बँकेत जाऊ. माह्या खात्यावर अजून तुह्या बाबाचंच नाव हाये."