एम-पेसा आणि दुकानदाराचा गल्ला

मोबाईलवरून पैसे पाठवायच्या केनियातल्या ‘एम-पेसा’ या सेवेच्या नावात आपला एक शब्द आहे. ‘एम’ म्हणजे मोबाईल आणि ‘पेसा’ म्हणजे पैसा. हिंदी महासागरावरच्या व्यापारातून तो स्वाहिलीत गेला. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत चलन रुपयाचेच होते. पुढे शिलिंग आला तरी पेसा तिथेच राहिला. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने ही सेवा सुरू केली आणि तेव्हापासून गरीब देशांत मोबाईलने काय बदलले याची चर्चा निघाली की पहिले नाव हेच येते. ते रास्तही आहे. मात्र या चर्चेत सगळे बोलतात ते फोनबद्दल. मला बोलायचे आहे ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गल्ल्याबद्दल. एम-पेसा चालते त्या गल्ल्याच्या जोरावर, आणि अडतेही तिथेच.

२००६ च्या एका देशव्यापी सर्वेक्षणात केनियातल्या पाचांपैकी जेमतेम एका प्रौढाचे बँकेत खाते निघाले, इतकी बँक लोकांपासून लांब होती. नैरोबीत कामाला आलेला माणूस पश्चिमेकडच्या गावी पैसे पाठवायचा ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती किंवा गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ. पोस्टाची मनीऑर्डर होती, पण ती सावकाश जाई आणि गावच्या पोस्टात पुरेशी रोकड नसल्याची तक्रार नेहमीची. गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर कोकणातली घरे कशी चालत हे ज्यांना माहीत आहे, त्यांना केनियाचे हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत अशी की एम-पेसा पैसे पाठवण्यासाठी बनवलेच नव्हते. व्होडाफोनच्या निक ह्यूज यांनी ब्रिटिश सरकारच्या विकास निधीतून जवळपास १० लाख पौंड मिळवले आणि तेवढीच भर कंपनीने घातली, ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाईलवरून भरता यावेत म्हणून. ऑक्टोबर २००५ मध्ये चाचणी सुरू झाली. नैरोबी आणि थिका परिसरातले रोकड घेणारे-देणारे आठ एजंट, ‘फाउलू केनिया’ या सूक्ष्मवित्त संस्थेचे पाचशेहून कमी कर्जदार, एवढाच पसारा. सूझी लोनी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या चाचणीत लोक हप्ते भरत होतेच, पण त्याहून भलतेच काही करत होते. कोणी दुसऱ्याला पैसे पाठवत होते, कोणी प्रवासाला निघण्याआधी रोकड एजंटकडे भरून मुक्कामी पोहोचल्यावर काढत होते, म्हणजे वाटेत लुटले जायची धास्ती नको. कर्जाच्या हप्त्याची कल्पना बाजूला पडली आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्या एका ओळीवर सेवा देशभर उघडली. लोकांच्या हातात वस्तू देऊन ते तिचे काय करतात हे पाहण्याइतका धीर या प्रकल्पात होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता व्यवहार प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. ओळखपत्र दाखवून फुकट नोंदणी होते, सिमकार्डावरच्या मेनूत एम-पेसा येते, चार आकडी पिन ठरवायचा. इंटरनेट लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. पैसे भरायचे तर रोकड एजंटला द्यायची. तो आपल्या फोनमधून तेवढी रक्कम ग्राहकाच्या नंबरवर वळती करतो आणि दोघांना मेसेज येतो. पाठवायचे तर मेनूत समोरच्याचा नंबर, रक्कम आणि पिन. काढायचे तर एजंटचा क्रमांक, रक्कम आणि पिन. एजंटच्या फोनवर मेसेज आला की ओळखपत्र पाहायचे, वहीत सही घ्यायची आणि मग रोकड मोजून द्यायची. हा क्रम चुकला, म्हणजे मेसेज येण्याआधी पैसे हातात दिले, की तोटा एजंटचा. भरणा पहिल्यापासून फुकट आहे. पाठवायला सुरुवातीला, रक्कम कितीही असो, नोंदणी झालेल्या माणसासाठी सरसकट ३० शिलिंग पडत. एका वेळी जास्तीत जास्त ३५,००० आणि खात्यात ५०,००० शिलिंग अशी मर्यादा होती. नोंदणी नसलेल्याला पाठवणे महाग ठेवले होते. त्यामुळे मुलगाच गावी फोन करून आईला नोंदणी करायला लावी.

फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगामागे बँकेतल्या विश्वस्त खात्यात एक खरा शिलिंग असतो. सुरुवातीला हे खाते कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकामध्ये होते. कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही, तो कोणाला कर्जाऊ देता येत नाही. २००८ च्या अखेरीस बँकांनी ओरड केली तेव्हा सरकारने या सेवेची तपासणी करायला लावली, आणि त्यातून ती सहीसलामत बाहेर आली ती मुख्यतः या एका नियमामुळे.

आता गल्ला.

एजंट म्हणजे बहुतेकदा किराणा, औषधे किंवा फोनची रिचार्ज कार्डे विकणारा छोटा दुकानदार. त्याच्याकडे दोन ठिकाणी पैसा लागतो, गल्ल्यात रोकड आणि फोनमध्ये फ्लोट, म्हणजे त्याच्या एम-पेसा खात्यातली शिल्लक. ग्राहकाने पैसे भरले की गल्ला वाढतो, फ्लोट घटतो. काढले की उलट. कमिशन सोडले तर बेरीज हलत नाही, पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्यात जातो. समजा, गावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी एजंटकडे गल्ल्यात ३०,००० आणि फोनवर ५०,००० शिलिंग आहेत. दुपारपर्यंत नऊ जणांनी तीन-तीन हजार काढले. गल्ला ३,०००, फ्लोट ७७,०००. मग दोघांनी एकेक हजार भरले. गल्ला ५,०००, फ्लोट ७५,०००. आता एक म्हातारी येते, तिला मुलाने पाठवलेले ६,००० काढायचे आहेत. एजंटकडे अजूनही बरोबर ८०,००० शिलिंग आहेत, पण तिला तो हात हलवत परत पाठवतो. फोन चालू आहे, नेटवर्क आहे, सर्व्हर ठीक आहे, तिच्या खात्यात पैसे आहेत, आणि तरीही तिच्यापुरती सेवा बंद आहे.

हे अपघाताने घडत नाही. शहरात लोक भरणा जास्त करतात, म्हणून नैरोबीच्या एजंटचा गल्ला फुगतो आणि फ्लोट संपतो. खेड्यात लोक काढतात, म्हणून तिथे फ्लोट साचतो आणि गल्ला कोरडा पडतो. पैसा हवेतून गेला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक हजाराच्या पाठोपाठ कोणालातरी नोटा घेऊन गावापर्यंत जावे लागते. शहरातल्या एजंटची बँक दोन रस्ते पलीकडे असते. खेड्यातला एजंट दुकान बंद करून मटाटूने, म्हणजे तिथल्या वडापने, तालुक्यासारख्या गावी जातो, फ्लोट देऊन रोकड घेतो आणि ती पिशवीत घालून परत येतो. गाडीभाडे, बंद दुकानाचे दोन-तीन तास आणि वाटेतला धोका, हे सगळे त्याच्या अंगावर. एका लहान व्यवहारावर कमिशन मात्र मोजक्या शिलिंगांचे. महिन्याची अखेर, जानेवारीतली शाळेची फी आणि नाताळच्या सुट्टीत शहर गावी परतते ते दिवस, या तीन वेळा ताण सर्वांत जास्त असतो.

यावर जे उपाय टिकले ते फार साधे आहेत. अनेक एजंटांवर एक मुख्य एजंट नेमला, तो एकाचा जास्तीचा फ्लोट दुसऱ्याच्या जास्तीच्या रोकडीशी जुळवून देतो. बँकांच्या शाखांना घाऊक एजंट केले. आणि ज्याच्या दुकानात दुसरा माल खपतो तो एजंट अधिक तगतो, कारण साखर-साबणाच्या विक्रीतून गल्ल्यात रोकड येतच राहते. त्याहून चांगली सोय म्हणजे शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे एम-पेसानेच फेडणे. मग साचलेल्या फ्लोटचा माल होतो, मालाची रोकड होते आणि पिशवी घेऊन जायची फेरी वाचते. अशी व्यवस्था कुठेही उभी करणाऱ्याला माझे एकच सांगणे आहे: एजंटच्या वहीतून प्रत्येक वाराची काढलेली आणि भरलेली रक्कम वेगळी लिहून काढा. चार आठवड्यांत कोणत्या वारी गल्ला किती लागतो ते दिसते. सरासरीवर गल्ला भरला तर बाजाराच्या दिवशी तो हमखास अपुरा पडतो, आणि दोनदा परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा पैसे फोनवर ठेवत नाही.

ती वही कागदाची असते. तारीख, व्यवहाराचा क्रमांक, फोन नंबर, ओळखपत्राचा क्रमांक, रक्कम, सही. कमिशनच्या लोभाने होणाऱ्या लबाड्याही तिच्यातच सापडतात. कमिशन रकमेच्या टप्प्यांवर मिळते, म्हणून काही एजंट एका मोठ्या भरण्याचे तीन तुकडे करतात. दुसरी लबाडी म्हणजे ग्राहकाच्या खात्यात न भरता रोकड थेट समोरच्याच्या नंबरवर टाकणे. यात पाठवण्याचा आकार बुडतो आणि पाठवणारा कोण याची नोंदच राहत नाही. कंपनी दोन्हींसाठी कमिशन कापते.

ग्राहकाच्या बाजूने सर्वाधिक चूक होते ती नंबरातल्या एका आकड्याची. पैसे अनोळखी माणसाला जातात. व्यवहाराचा मेसेज ४५६ या क्रमांकाला पाठवून तो उलटवायची विनंती करता येते, पण समोरच्याने रक्कम काढून टाकली असेल तर काही उरत नाही. म्हणून ‘हाकिकिशा’ नावाची सोय आली: पिन दिल्यावर समोरच्याचे नाव दिसते आणि काही सेकंदांत व्यवहार थांबवता येतो. शब्दाचा अर्थ ‘खात्री करा’; त्याचे मूळ अरबी ‘हकीकत’, जी आपल्याकडेही आली. ही चूक फसवणाऱ्यांच्याही कामी येते. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा’ असा फोन येतो आणि आधी एक बनावट मेसेज आलेला असतो. खरा मेसेज सेवेच्या नावाने येतो, साध्या दहा आकडी नंबरावरून नाही. शिवाय शिल्लक तपासली की खोटेपण लगेच उघडे पडते. तरीही घाबरलेला माणूस शिल्लक न पाहता पैसे परत करतो.

एवढे सगळे करून गरिबी हटली का? तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे कुटुंबांची पाहणी केली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की आजारपण किंवा पीकबुडीसारखा फटका बसला तेव्हा एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी आक्रसला, वापरणाऱ्या घरांचा आक्रसला नाही, कारण लांबच्या नातलगांची मदत वेळेवर पोहोचली. २०१६ मध्ये त्यांनी १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातली २ टक्के, अत्यंत गरिबीतून वर आल्याचा अंदाज मांडला. या दुसऱ्या आकड्यावर पुढे कडक टीका झाली: नव्याने सुरू झालेल्या छोट्या धंद्यांपैकी किती बुडाले, आणि वाढलेल्या स्पर्धेने जुन्या धंद्यांचे किती नुकसान झाले, हे त्यात धरलेले नाही. मला ही टीका पटते. पहिला निष्कर्ष मात्र भक्कम वाटतो. अडचणीच्या आठवड्यात भावाचे दोन हजार शिलिंग त्याच दिवशी हातात पडणे म्हणजे काय, हे शेळी विकून दवाखाना केलेल्या घराला विचारावे.

नुकसान झाले ते कर्जातून. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच फोनवर ‘एम-श्वारी’ आले. तीस दिवसांचे कर्ज, आकार ७.५ टक्के. ऐकायला कमी, सरळ हिशेबाने वर्षाला ९० टक्के. पाठोपाठ कर्ज देणाऱ्या ॲपची रांग लागली, आणि शे-दोनशे शिलिंग थकले तरी माणसाचे नाव थकबाकीदारांच्या यादीत जाऊ लागले. या ॲपना मध्यवर्ती बँकेच्या परवान्याखाली आणणारा कायदा व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. घरी पैसे पाठवणे ज्या मेनूत सोपे झाले, त्याच मेनूत कर्ज काढणेही तितकेच सोपे असू नये असे मला मनापासून वाटते. दोन्हींना लागणारा विचार सारखा नाही.

हीच सेवा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये नेली, २०१६ मध्ये बंद पडली. तिथे बऱ्याच लोकांकडे बँकेचे कार्ड आधीच होते. भारतात व्होडाफोनने ती २०१३ मध्ये आणली. आपल्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे बँक नसलेल्या कंपनीच्या पाकिटातून रोकड काढता येत नव्हती, म्हणून बँकेला सोबत घ्यावे लागले आणि खर्च व कागदपत्रे वाढली. २०१६ पासून यूपीआय आले आणि २०१९ मध्ये भारतातली सेवा गुंडाळली गेली. यूपीआय खात्यातून खात्यात पैसे हलवते. गल्ल्याचा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण गल्ला त्यात धरलेलाच नाही.

तो प्रश्न आपल्याकडे दुसऱ्या दाराने येतो. आधार क्रमांक आणि अंगठा घेऊन गावात रोकड देणारा बँकमित्र हा केनियातल्या खेड्यातल्या एजंटचा सख्खा भाऊच. त्याच्याकडे काढणारे जास्त आणि भरणारे कमी. सरकारी योजनेचा हप्ता सगळ्यांच्या खात्यात एकाच दिवशी जमा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बायकांची रांग लागते, आणि अंगठा जुळूनही शेवटच्या दहाजणींना ‘उद्या या’ ऐकून जावे लागते. हप्ता वाडीवाडीप्रमाणे तीन-चार दिवसांत विभागून जमा केला तर तेवढ्याच रोकडीत सगळ्यांचे भागेल. बँकमित्राच्या कमिशनमध्ये रोकड शाखेतून आणायच्या फेरीचा खर्च वेगळा धरायला हवा. आज बहुतेक ठिकाणी तो त्याच्याच खिशातून जातो.