तीस सप्टेंबरचा पट

पाच वर्गांत मिळून ६३ मुलं बसली होती आणि शाळेच्या नोंदीशी आधार जुळलेली होती ५९. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, तीही आधार वैध ठरलेल्या मुलांच्या. पहिली ते पाचवीला साठपर्यंत दोन शिक्षक मिळतात. तिसरं पद टिकवायला किमान ६१ मुलं लागतात. कोल्हापूरच्या उपनगरातल्या आमच्या महापालिका शाळेतलं एका शिक्षकाचं पद त्या दिवशी चार कार्डांत अडकलं होतं.

चौघांचीही मूळ कार्डं मागवली. जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) आणि यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली नोंद शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. एका मुलीच्या आधीच्या शाळेतून आलेल्या नोंदीत आधार क्रमांकातल्या ३ चा ८ झाला होता. कार्डाचं लॅमिनेशन नेमकं त्याच आकड्यावर उखडलेलं. फोटोवरून क्रमांक भरला की असंच होतं. दुसऱ्याच्या कार्डावर आडनाव शेवटी, नोंदीत आधी. त्यासाठी आधारप्रमाणे नाव लिहायचा वेगळा रकाना आहे. तिथं कार्डावरचं स्पेलिंग चुकीचं असलं तरी जसंच्या तसं भरायचं, रजिस्टरला हात लावायचा नाही. तिसऱ्या नोंदीत मुलाची मुलगी झाली होती. हे तिन्ही शाळेतच निस्तरलं. आधार जुळलेला पट ६२ वर आला.

चौथी मुलगी गवंडीकाम करणाऱ्या कुटुंबातली. कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, रजिस्टरात जन्मदाखल्याप्रमाणे वेगळी. अशा वेळी रजिस्टर कार्डाला जुळवून टाकायचा मोह होतो. ते अजिबात करू नये. पुढे दाखल्यापासून दहावीच्या अर्जापर्यंत तीच तारीख चालते. दुरुस्ती आधारचीच करायची, आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून मूळ जन्मदाखला घेऊनच केंद्रावर जायचं. त्यात वडिलांचा रोज बुडतो, हे मला फार लागतं.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. इथं मूल रोज समोर बसतंय आणि तरी मोजलं जात नाही.

दोनच शिक्षक उरले तर पाच वर्ग दोघांत वाटले जातात, आणि सगळ्यात आधी बंद पडतो शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, त्यात बुद्धिमत्ता चाचणी. जोडवर्गात एवढा सराव होत नाही. निकाल घसरला की पालक दाखला मागायला येतात आणि पट आणखी उतरतो. कोल्हापुरातल्याच जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, कारण तिथले निकाल लोकांना माहीत आहेत. सरकारी शाळेकडे लोक पाठ फिरवतात हे सरसकट खरं नाही.

हे काम सप्टेंबरवर ढकलू नये. पाडव्याला पहिलीचं नाव घालतानाच आधार आणि जन्मदाखला समोरासमोर धरावा. तारीख जुळत नसेल तर पालकांना तेव्हाच सांगावं. जूनपर्यंत हातात दोन महिने असतात.