ढगाआडचं कास

सप्टेंबरात कासच्या पठारावर पोचलेला माणूस आधी वर बघून तोंड वाकडं करतो. साताऱ्याहून 25 किलोमीटर चढून यायचं आणि वर ढग! फुलांच्या फोटोला मात्र हेच हवं. ढग म्हणजे सूर्यावर ताणलेलं मलमल. सावल्यांच्या कडा विरतात, सीतेची आसवं या फुलांचा निळा-जांभळा रंग भरून दिसतो.

आभाळ तेवढं चौकटीत घेऊ नये. ढगाळ आभाळ जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असतं. फुलं नीट आली तर ते पांढरंफटक, ते नीट आलं तर फुलं काळवंडलेली. कॅमेरा थोडा खाली झुकवला की क्षितिज आपोआप गळतं. वाट सोडून फुलांत पाय घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच. त्यासाठी दूरचं जवळ आणणारी 100-200 मिमीची लेन्स असते.

गेंदाच्या फुलांची पांढरी बोंडं कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला हमखास चकवतात. समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे, असं मीटर धरून चालतं. मग गेंदांनी भरलेली चौकट मळकट येते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, प्लस 2/3 ते 1 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ओल्या काळ्या कातळावर चारच फुलं असतील तर उलट, मायनस. मिकी माऊस नावाची पिवळी फुलं सगळ्यांत खट्याळ: एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे सर्वांत उजळ) ठीक दिसतो, पण लाल चॅनल उजवीकडे आपटलेला असतो आणि पाकळीच्या जागी नुसता पिवळा डाग उरतो. रंगवार हिस्टोग्राम बघावा.

ओल्या पानांवरची चकाकी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून जाते, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो. त्यात पठारावरचा वारा. शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नेलं तर फूल हललंच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, 800 करावा. फोटोत थोडे दाणे परवडतात, हललेलं फूल नाही.

मध्येच ढग फाटून ऊन पडलं, तर सूर्य पाठीशी घेऊ नये. तो समोर, जरा बाजूला ठेवावा, मागे सावलीतला उतार धरावा. तेरड्याची पातळ पाकळी आतून पेटते. लेन्सवर हूड नसेल तर तळहाताची सावली चालते, फक्त बोट चौकटीत डोकावतं का ते पाहावं. या घाईत गेंदासाठी प्लस 1 वर नेलेली एक्स्पोजरची चकती शून्यावर आणायची राहते आणि पुढचे वीस तेरडे पांढरे येतात.