देवाला ठाऊक असतं, तरी सांगायचं

रविवार, रात्री

आज प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा रविवार. पापकबुलीची प्रार्थना आम्ही सगळे एका सुरात म्हणतो. ‘विचाराने, शब्दाने आणि कृतीने’ हे इतकं पाठ आहे की तोंड आपोआप पुढे जातं. आज पाळकसाहेबांनी प्रार्थनेआधी मंडळीला गप्प बसवलं, तेही चांगला वेळ. बाहेर ऊन तापलेलं, आत पंख्यांची घरघर. कुणी खोकलं, कुणी उगाच पवित्र शास्त्राची पानं चाळली. मला ती शांतता हवीशी वाटली. सगळ्यांबरोबर म्हणताना आपलं नेमकं पाप कोणतं, हे आठवायची गरजच पडत नाही. आज पडली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. देवाला सगळं ठाऊक आहे, मग सांगायचं कशासाठी? एदेन बागेत परमेश्वराने ‘तू कोठे आहेस?’ असं विचारलं, ते आदाम दिसत नव्हता म्हणून नाही. झाडांआड लपलेल्या माणसाला स्वतःहून पुढे यायची वाट करून दिली होती. आदाम पुढे आला खरा, पण मना केलेलं फळ खाल्लंस का, असं विचारल्यावर त्याने आधी बायकोकडे बोट दाखवलं, आणि तीही ‘तू दिलेली’. म्हणजे दोष फिरून देवाच्याच माथी.

शौल आणि दावीद या दोन्ही राजांच्या तोंडी तेच आहे: मी पाप केलं. देवाची आज्ञा मोडलेला शौल लगोलग म्हणतो, लोकांना भ्यालो म्हणून झालं. वर शमुवेल संदेष्ट्याला गळ घालतो की निदान वडीलजनांपुढे तरी माझा मान राख. त्याला चारचौघांत उघडं पडण्याची धास्ती होती. दावीदाचं पाप काही कमी नव्हतं. बथशेबेला आणवून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. नाथान संदेष्ट्याने ‘तो माणूस तूच’ असं सुनावल्यावर मात्र तो एवढंच म्हणाला, की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. पुढे ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही. क्षमा तिथल्या तिथे मिळाली. तरी बथशेबेला झालेलं मूल गेलं, आणि घरातली तलवार, म्हणजे रक्तपात, हटली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण एकदा कबूल केलं की परिणामही पुसले जातात असं आपल्याकडे फार सहज सांगतात.

बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद गप्प राहिल्याच्या दिवसांविषयी बोलतो. हाडं झिजली, अंगातली ओल उन्हाळ्यात आटावी तशी आटली. सोलापुरात एप्रिल काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

क्षमेची किंमत आपल्या कबुलीने चुकती होत नाही. ती येशूच्या वधस्तंभावर चुकती झाली. पापं पदरी घेण्याविषयी, म्हणजे कबूल करण्याविषयी, योहानाने पहिल्या पत्रात जे लिहिलं, ते विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं, आणि क्षमा करणारा देव तिथे विश्वसनीय आणि न्यायी आहे. ‘न्यायी’ या शब्दापाशी मला फार धीर येतो. माझी क्षमा माझ्या रडण्यावर टांगलेली नाही. मग रोज कबुली का? प्रभू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा पेत्र म्हणाला, पायच काय, हात आणि डोकंही धू. प्रभू म्हणाला, ज्याचं स्नान झालंय त्याला पाय धुतले की पुरे. रोज चालायचं, तर रोज धूळ लागणारच.

पण हे सगळं मला खरं कळलं ते बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत, एका मावशींच्या साक्षीतून. विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, राहतात. मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नाव नको घालू, बाकी लिही की. शेजारीण आजारी होती तेव्हा तिच्या विड्या मावशीच कारखान्यात घेऊन जायच्या. तपासणीत खराब निघालेल्या विड्यांत यांच्याच जास्त असायच्या, पण या त्या शेजारणीच्या म्हणून सांगायच्या. पैसे तिचे कापले जायचे. “रोज प्रार्थनेत म्हणायची, प्रभू, माझ्या चुका पोटात घाल. कुठल्या चुका, ते कधी म्हटलंच नाही,” मावशी सांगत होत्या. बोटं पदराच्या टोकाशी चाललेली, दोरा गुंडाळत असल्यासारखी.

ज्या दिवशी त्या पापाचं नाव घेऊन प्रार्थना केली, त्याच दिवशी त्यांना कळलं की आता शेजारणीच्या दारात जावं लागणार. पवित्र शास्त्रातल्या गणनेच्या पुस्तकात हेच आहे: कबूल करायचं, घेतलेलं परत द्यायचं, आणि वर पाचवा हिस्सा. जकातदार जक्कयाने तर लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केलं. वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हेही प्रभूचंच सांगणं. मावशींनी अंदाजाने रक्कम काढली, वर थोडी घातली आणि गेल्या. शेजारणीने पैसे घेतले, मोजले आणि दार लोटून घेतलं.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आत्मिक जागृती झाली, तिथेही मुली रडत रडत पापं कबूल करत होत्या. पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव स्टेशन लागतं, तेव्हा मला त्या मुली आठवतात. आणि त्यांचं ऐकून घेणाऱ्याही. कॅथलिक मंडळीत धर्मगुरूने पापनिवेदनात ऐकलेलं कुणापाशीही उघड करायचं नाही, असा कडक नियम आहे. आमच्याकडे तशी रीत नाही, पण याकोब आपल्या पत्रात सांगतो, एकमेकांजवळ पातकं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. दुसरा भाग आम्ही गाळतो. ऐकलेलं प्रार्थनेत न्यायचं सोडून बाजारात नेलं, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडेल का? सभेत मावशी बोलत होत्या तेव्हा मी एकेकीचा चेहरा पाहत होते, आणि मनातून भीत होते.

निघताना मावशींना विचारलं, मोकळं वाटतं का? म्हणाल्या, “ती बोलत नाही अजून. पण मी तिच्या दारावरून वर बघून जाते.” येत्या बुधवारी त्या दोघींसाठी प्रार्थना ठेवली आहे. कशासाठी, ते सभेत पुन्हा बोलायचं नाही असं ठरलंय.