गंधकाच्या रिकाम्या जागा आणि ईपीआरची रांग

माझी पीएचडी मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर, म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधकाच्या संयुगावर आहे. पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमऐवजी स्वस्त उत्प्रेरक हवा, त्यासाठी. या पदार्थाच्या कडाच काम करतात, सपाट पृष्ठभाग जवळजवळ सुस्त असतो, हे २००७ मध्ये प्रयोगाने दिसलं. सपाट भागातले थोडे गंधकाचे अणू काढले की तोही कामाला लागतो, हे २०१६ मध्ये. आरगॉन-हायड्रोजनच्या भट्टीत तशा रिकाम्या जागा मी केल्या. त्या आहेत हे दाखवताना मात्र अडलं.

अशा जागांपाशी उरलेले एकटे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ओळखणारं ईपीआर यंत्र आमच्याकडे नाही. बाहेरच्या केंद्राचा फॉर्म भरला, गाइडची सही घेतली, पैसे भरले. पावती वेगळ्या पानावर हवी म्हणून फॉर्म परत. मग स्लॉटची वाट. फोन केला की "रांगेत आहे", एवढंच उत्तर. आरगॉनमध्ये बंद करून दिलेली बाटली नोंदणीच्या टेबलावर वजनासाठी उघडली गेली, हे मला फार उशिरा कळलं. अजूनही संताप येतो. ही रिकामी जागा हवेतला ऑक्सिजन पकडते! निकालात जी-मूल्य (ईपीआर सिग्नलची जागा सांगणारा आकडा) २.०० जवळचा, रिकाम्या जागांचा सिग्नल जेमतेम होता, आणि त्याच पावडरच्या एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू तपासणारी चाचणी) २३६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी ऑक्सिडाइज्ड मॉलिब्डेनमचं शिखर. मी बनवलेला पदार्थ यंत्रापर्यंत पोचलाच नव्हता. ज्याचा सगळा गुण वरच्या थरात आहे, तो नमुना दगडाच्या तुकड्यासारखा कपाटात ठेवायचा नसतो. 'हवेत खराब होतो' असा एक रकाना फॉर्मवर असता तर पुरे होतं.

पुढच्या वेळी ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हवा न शिरणाऱ्या पेटीत, पावडर थेट क्वार्ट्झच्या ट्यूबमध्ये भरली आणि व्हॅक्यूम लाइनवर ज्योतीने तोंड वितळवून बंद केलं. आता कुणी उघडायचा प्रश्नच नाही. ऑपरेटरशी आधी स्वतः बोललो; त्यांनी ट्यूब आल्या दिवशीच लावली. सिग्नल स्वच्छ उठला तेव्हा इतकं हलकं वाटलं!

भट्टीत न घातलेली त्याच बॅचची पावडरही सोबत पाठवा, तुलनेशिवाय सिग्नलला अर्थ नाही. हायड्रोजनची चाचणीही त्याच दिवशी उरका. आणि हो, चाचणीत काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे तुमच्या नमुन्यासमोरचा दुसरा इलेक्ट्रोड, ग्रॅफाइटचाच घ्या. प्लॅटिनमचा असेल तर तो थोडा विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर बसतो आणि श्रेय रिकाम्या जागांना जातं. लेबल ट्यूबच्या वरच्या टोकालाच लावा, खालचं टोक यंत्राच्या पोकळीत जातं.