लेकीचे पहिले चिकन
लेकीला आठवा महिना लागला, म्हणून आज प्रथमच तिच्यासाठी चिकन आणि लाल भोपळ्याची प्युरी घरी केली. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाच्या शरीरातील लोहाचा जन्मजात साठा कमी होऊ लागतो आणि मांसातील लोह डाळी-भाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते, हे पटल्यावर सासूबाईंनी ‘एवढ्यात कशाला’ हा आक्षेप मागे घेतला; चिमूटभर मिठावर मात्र त्या अजूनही ठाम आहेत. (वर्षाची होईपर्यंत मीठ, साखर, मध काहीही नाही, यावर मीही.)

पहिला प्रयत्न फसला. छातीचे मांस शिजवून नुसतेच मिक्सरमधून फिरवले, तर त्याचा ओला भुसा झाला, जो लेकीने जिभेने ढकलून थेट हनुवटीवर आणून ठेवला. मग मांडीचे मांस कुकरमध्ये मऊ शिजवून, हाडे नीट काढून, त्यातलेच पाणी थोडे थोडे घालत वाटले, उकडलेला भोपळा मिसळला आणि गाळणीतून चमच्याने दाबून काढले (पुरणयंत्राला हात लावू दिला गेला नाही), तेव्हा कुठे श्रीखंडासारखा मऊपणा आला. तिने तीन चमचे खाल्ले. चौथा माझ्या चष्म्यावर आला. उरलेली प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली असून तिच्यावर सासूबाईंच्या अक्षरातली ‘बाळाचे आहे’ ही चिठ्ठी आहे.