रोमचा मिथ्रास आपला मित्रच ना, हे तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीत पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. 'रोमला राहतेस ना? मग तिकडचा जुना देव मिथ्रास म्हणजे वेदातला आपला मित्र देवच ना?' विचारणाऱ्याला फक्त माझा होकार हवा असतो. नाही म्हटलं की चेहरे पडतात. 'तिकडचीच झालीस' हेही ऐकून झालंय.

नाव एकाच मुळाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रोमन जगात मिथ्रासचा पंथ दिसू लागतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, आणि दिसतो तो निराळाच. खिडकी नसलेली, गुहेसारखी खोली, दोन्ही बाजूंना रेलून जेवायचे ओटे, समोर बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून सुरा खुपसणारा देव. रक्ताकडे झेपावणारा कुत्रा, साप, खाली विंचू. बैल मारणारा असा मित्र ऋग्वेदात नाही, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही नाही. इराणी परंपरेत आदिबैलाचा घात करतो तो अह्रिमन, म्हणजे दुष्ट शक्ती. बेल्जियन अभ्यासक फ्रांझ क्युमाँ यांनी १८९०च्या दशकात सगळा पंथच इराणातून आल्याचं मांडलं, ते पुढे कित्येक दशकं चाललं. १९७१ च्या मँचेस्टर परिषदेत जॉन हिनेल्स आणि रिचर्ड गॉर्डन या अभ्यासकांनी त्याच मांडणीवर बोट ठेवलं. २५ डिसेंबर हा मिथ्रासचा जन्मदिवस म्हणतात, त्याचंही तेच. ३५४ सालच्या रोमन पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्या'चा जन्म आहे, मिथ्रासचं नाव नाही.

आता कबुली. सव्विसाव्या वर्षी मी स्वतः एका दिवाळी अंकात लिहिलं होतं की आपला मित्र रोमला पोचला. क्युमाँ वाचून भारावले होते, त्यानंतरचं काही वाचलं नव्हतं. तो लेख खोटेपणानं लिहिला नव्हता, पण घाईनं लिहिला होता. वाईच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माझ्या काकांनी त्याचं कात्रण जपून ठेवलं.

काका रोमला आले तेव्हा ते कात्रण त्यांच्या खिशात होतं. मी त्यांना आव्हेंतीन टेकडीवर सांता प्रिस्का चर्चखालचं मिथ्रासचं ठिकाण दाखवायला नेलं. आधी नाव नोंदवून ठरल्या दिवशीच जाता येतं. बरोबर तीन इटालियन विद्यार्थी होते. दाराशी काका वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. 'काका, असू द्या, हे देऊळ नाही,' मी म्हणाले. देऊळच होतं ते. आपलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

आत ओल होती, अंधार होता. कोनाड्यात आडवा रेललेला शनी, फुटक्या रांजणांचे तुकडे रचून वर गिलावा केलेला. काकांनी कात्रण उलगडलं. 'यांना सांग, हा आमचा देव आहे. माझ्या पुतणीनंच लिहिलंय.' विद्यार्थी माझ्या तोंडाकडे बघत होते. परक्यांसमोर मला लाज वाटली, हे आज लिहितानाही बोचतं. मी म्हणाले, 'काका, तो लेख चुकलाय माझा.' आणि थांबले नाही. क्युमाँ, मँचेस्टर, अह्रिमन, सगळं तिथेच, उभ्या उभ्या. काकांनी कात्रण जुन्या घड्यांवरच पुन्हा घातलं आणि खिशात ठेवलं.

तेवढ्यात तिथल्या बाईंनी भिंतीवर विजेरी मारली. पंथातल्या दीक्षेच्या पिता, सिंह अशा सात पायऱ्यांची चित्रं, पार विटलेली, प्रत्येकीशेजारी एकेक ओळ. त्यांनी एक म्हणून दाखवली: नामा पात्रिबुस. काकांनी मान वळवली. 'काय म्हणाल्या?'

'पित्यांना नामा, शनीच्या रक्षणाखाली. सिंहांना नामा, गुरूच्या.'

'नामा म्हणजे?'

'वंदन. इराणी शब्द आहे, लॅटिन नाही.'

'नमः,' काका म्हणाले.

नमः, नमाज, नामा, कूळ एकच. मला ते माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वीच्या माझ्या भाषणात मी ते वगळलं होतं.

नंतर संत्र्यांच्या बागेत बाकावर बसलो. काका शतपथ ब्राह्मणातली गोष्ट सांगू लागले. देव म्हणाले, सोमाला मारायला तूही ये. मित्र म्हणाला, मी तर सगळ्यांचा मित्र. शेवटी गेला, आणि पशू त्याच्यापासून दूर झाले. मी म्हणाले, मधल्या कित्येक शतकांचा दुवा कुठाय? रोमच्या सैनिकाला शतपथ कोण सांगणार? काकांनी वाद घातला नाही. कात्रण काढलं, मांडीवर सपाट केलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'लेखिकेने मत बदलले.' खाली तारीख. त्याखाली: 'शतपथ पाहावे.'

मी पाहिलं. हॅरमन लोमेल या जर्मन संस्कृत पंडितानंही बैलाच्या त्या चित्राची संगती सोमवधाशी लावली होती, हेही मग कळलं. मला ती पटत नाही. तुम्ही विचाराल तेव्हा मी नाहीच म्हणेन. पण भिंतीवरचा तो शब्द आता वगळत नाही, आणि तो सांगितला की तुम्ही म्हणता, बघ, म्हणजे तोच ना.

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.